गावाचे काम ग्रामसभेत मांडण्यापासून पूर्ण होईपर्यंत : टप्प्याटप्प्याने करावयाची कार्यवाही

ग्रामसभेत गटाराचा विषय निघतो, अर्धा तास तावातावाने चर्चा होते, 'बघू, करून घेऊ' असे उत्तर मिळते आणि पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हे वर्षानुवर्षे चालू आहे. पैसा नाही किंवा सरपंचांची इच्छा नाही, असे कारण आपण धरून चालतो आणि काही वेळा ते खरेही असते. पण पुष्कळदा काम अडते ते त्याच्या कागदावर. मागणी चुकीच्या कार्यालयाकडे गेलेली असते, पुढच्या वर्षाच्या कामांचा ग्रामपंचायतीचा आराखडा बंद झाल्यावर गेलेली असते, किंवा ठरावात अशी भाषा असते की ती वाचून कोणत्याही अभियंत्याला अंदाजपत्रक करता येऊ नये. पुढील टप्पे याच क्रमाने पार पाडावेत. समजण्यास सोपे जावे म्हणून एका गल्लीतल्या गटाराचे उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे.

टप्पा १ : काम कोणाच्या अखत्यारीतले आहे, ते आधी ठरवा

गावात दिसणारी प्रत्येक गोष्ट ग्रामपंचायतीची नसते. गावठाणातल्या गल्ल्या, गटारे, दिवाबत्ती, कचरा आणि गावाची पाणीपुरवठा योजना चालवणे ही ग्रामपंचायतीची कामे आहेत. गावाला जोडणारा रस्ता मात्र ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर तो जिल्हा परिषदेकडे असतो, आणि प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषद शाळेची खोली जिल्हा परिषदेची. वाकलेला खांब किंवा लोंबकळणारी तार महावितरणची, पण त्या खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीचा. शेतात जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर तो विषय तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली जातो, आणि बांधावरून नवीन वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली. गावठाणातले सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नुसार ग्रामपंचायतीला आहे.

काम दुसऱ्या खात्याचे असले तरी ग्रामसभेचा ठराव निरुपयोगी ठरत नाही. फक्त त्याची भाषा बदलते. तेव्हा 'काम करावे' असे न लिहिता 'अमुक खात्याकडे मागणी करावी व ठरावाची प्रत पाठवावी' असे लिहावे लागते.

तपासा : हे नवीन काम आहे की दुरुस्ती? फुटलेली नळवाहिनी, बंद पडलेला दिवा, तुंबलेली मोरी यांसाठी ग्रामसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यासाठी ग्रामपंचायत कार्यालयात साधा लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. दुरुस्तीची मागणी आराखड्याच्या वाटेने पाठवली, तर आठवड्यात होणारे काम वर्षभर लांबते.

टप्पा २ : जागेवर जाऊन पाहणी करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढे सर्वाधिक कामे याच कारणाने अडतात. चार-पाच जणांनी मिळून मोजपट्टी, वही आणि मोबाइल घेऊन जागेवर जावे. त्यांत त्या गल्लीत राहणाऱ्या किमान दोन स्त्रिया असाव्यात, कारण पाणी कुठे साचते, कोणत्या वेळी साचते आणि कोणाच्या दारात शिरते हे त्यांना अधिक नेमके ठाऊक असते.

गटाराच्या बाबतीत पुढील गोष्टी वहीत उतरवाव्यात. गटार कुठून सुरू व्हावे आणि कुठे संपावे, हे न हलणाऱ्या खुणांनी लिहावे. 'अंगणवाडीच्या दक्षिणेकडील भिंतीपासून हातपंपापर्यंत' ही खूण झाली. अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत असे लिहिले तर घर विकले किंवा पाडले गेल्यावर वाद होतो. लांबी मीटरमध्ये मोजावी. गल्लीची रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी मोजावी, कारण तिथे गटार बसल्यावर बैलगाडी किंवा रुग्णवाहिका जाईल की नाही हे तिथेच ठरते. वाटेत येणारे नळ, खांब, ओटे आणि पायऱ्या नोंदवाव्यात. किती घरांचे सांडपाणी त्यात येणार, ते मोजावे.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची : पाणी शेवटी जाणार कुठे? गटाराला उतार हवा आणि शेवटी पाणी सोडण्याची जागा हवी. ही जागा न ठरवता बांधलेले गटार पहिल्या गल्लीतला चिखल फक्त दुसऱ्या गल्लीत नेऊन टाकते, आणि मग दुसऱ्या गल्लीतले लोक रास्तपणे काम बंद पाडतात. पावसाची एखादी चांगली सर येऊन गेल्यावर लगेच तिथे उभे राहून पाणी कोणत्या दिशेने वाहते ते पाहावे आणि भिंतीवर खडूने पातळीची खूण करून फोटो काढावा. उतारच मिळत नसेल, तर लांब गटाराचा हट्ट सोडून घरागणिक किंवा चार-पाच घरांत मिळून शोषखड्डे घेता येतील का, याचा विचार करावा. काळ्या, चिकण मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. मुरमाड जमिनीत चांगला चालतो. म्हणून एक खड्डा खणून पाहिल्याशिवाय तोही प्रस्ताव करू नये.

जागेची मालकी याच वेळी पाहावी. गावठाणाचा नकाशा ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पाहायला मिळतो. स्वामित्व योजनेखाली ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका व नवा नकाशाही उपलब्ध असतो. प्रस्तावित कामाचा थोडासाही भाग खासगी जागेतून जात असेल, तर मालकाची लेखी संमती आधी घ्यावी. समाजमंदिर, व्यायामशाळा यांसारख्या इमारतीसाठी मात्र संमतीपत्र पुरत नाही. तिथे जागा नोंदणीकृत बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीच्या नावे व्हायला हवी.

इशारा : 'तो आपलाच माणूस आहे, काही म्हणणार नाही' या विश्वासावर संमती तोंडी ठेवू नका. खोदकाम सुरू होण्याच्या दिवशी भाऊबंदकीतला दुसरा हिस्सेदार येऊन उभा राहतो आणि निधी परत जाण्याची वेळ येते. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर जितकी नावे, तितक्या सह्या घ्याव्यात.

टप्पा ३ : पैसा कोणत्या शीर्षाखालून मिळू शकेल ते समजून घ्या

'ग्रामपंचायतीत पैसे पडून आहेत, मग काम का करत नाही?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा निधीच्या प्रकारात असते. ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी व इतर करांतून मिळणारे स्वतःचे उत्पन्न असते, ज्याला ग्रामनिधी म्हणतात. त्यातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. वित्त आयोगाचा निधी याहून वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्याचे ६० टक्के बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेला) आणि ४० टक्के अबंधित असे भाग होते. बंधित निधीतला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. अबंधित निधी गावाच्या इतर गरजांसाठी वापरता येत होता, पण पगार व आस्थापना यांवर नाही. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ सुरू होत असल्याने, तुमचे काम ज्या वर्षाच्या आराखड्यात जाणार त्या वर्षीची विभागणी ग्रामपंचायत कार्यालयातून लेखी घ्यावी आणि तिच्यानुसार मागणी बेतावी.

यातून एक व्यवहारातली सूचना निघते. लोक हौसेने 'रस्ता काँक्रीटीकरण व गटार बांधकाम' असे एकच काम मागतात. सांडपाण्याची व्यवस्था स्वच्छतेच्या बंधित निधीत बसू शकते, काँक्रीटचा रस्ता बसत नाही. दोन्ही एका वाक्यात बांधल्यामुळे गटारसुद्धा रस्त्याच्या पैशाची वाट पाहत बसते. दोन स्वतंत्र कामे, दोन स्वतंत्र मागण्या कराव्यात आणि गटार आधी ठेवावे, कारण रस्ता आधी झाला तर गटारासाठी तोच पुन्हा फोडावा लागतो.

ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरच्या कामांसाठी इतर वाटा आहेत : गावांतर्गत मूलभूत सुविधांसाठी ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष, स्मशानभूमीसारख्या कामांसाठी जनसुविधा योजना, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना, तांडा वस्ती सुधार योजना आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी. यांपैकी कोणत्याही वाटेने गेलात तरी गावाचा ठराव हातात असणे उपयोगाचेच ठरते.

टप्पा ४ : वर्षातली वेळ पाळा

ग्रामपंचायतीचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण त्या वर्षी कोणती कामे घ्यायची हे त्याआधीच्या हिवाळ्यात ठरते. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरपासून सुरू होते, ग्रामसभेची मान्यता घेऊन आराखडा ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर भरला जातो, आणि पुढच्या वर्षाचा खर्च त्याच्यावर आधारलेला असतो. म्हणजे १ मेच्या ग्रामसभेत उठून 'या पावसाळ्याआधी गटार बांधा' अशी मागणी केली, तर ती ग्रामनिधीतून होण्याइतकी लहान असल्याखेरीज त्या वर्षी होणे कठीण असते. आराखड्यात मागाहून बदल करता येतो, पण त्यासाठी पुन्हा ग्रामसभेची मान्यता आणि वरची कार्यवाही लागते.

यासाठी पाहणी पावसाळ्यातच उरकावी, १५ ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत विषयाला तोंड फोडावे, सप्टेंबरमध्ये कागद पूर्ण करावेत आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या सभेत ठराव करून घ्यावा. आराखडा बनवताना गावफेरी निघते व संसाधन गट (आराखडा तयार करण्यास मदत करणारा गट) बसतो. त्या दिवशी तुमच्या गल्लीतले लोक घरी असतील, याची काळजी घ्यावी.

टप्पा ५ : लेखी अर्ज द्या

अर्ज सरपंचांच्या नावे लिहावा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्यावा. (बहुतेक गावांत त्यांना अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब असेच म्हणतात, आणि तसे म्हणायला हरकत नाही; अर्जावर मात्र पदनाम लिहावे.) सभेची नोटीस निघण्याआधी अर्ज पोहोचला पाहिजे, म्हणजे विषय विषयपत्रिकेवर येतो. ग्रामसभेची नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते, म्हणून त्याच्याही आधी किमान आठवडाभर अर्ज आवक रजिस्टरला नोंदलेला असावा. नमुना असा :

'मा. सरपंच, ग्रामपंचायत … यांस. विषय : प्रभाग क्र. २ मध्ये अंगणवाडीच्या दक्षिण भिंतीपासून हातपंपापर्यंत बंदिस्त गटार बांधण्याचा विषय आगामी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेणेबाबत. महोदय, वरील ठिकाणी १८ घरांचे सांडपाणी उघड्यावर वाहत असून ते हातपंपाच्या ओट्याभोवती साचते. सदर अंतर अंदाजे ८५ मीटर असून गल्लीची किमान रुंदी ३ मीटर आहे. पाण्याचा उतार उत्तरेकडे असून गटाराचे पाणी हातपंपापासून दूर वळवून गावाच्या ओढ्यालगतच्या शोषखड्ड्यात सोडता येईल. जागा गावठाणातील सार्वजनिक रस्त्याची आहे. सोबत हातनकाशा, फोटो व रहिवाशांच्या सह्यांची यादी जोडली आहे. तरी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवून तो ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावा, ही विनंती.'

या अर्जात कोणावर आरोप नाही आणि मागच्या पाच वर्षांचा पाढा नाही. तो मजकूर मनात कितीही खदखदत असला तरी अर्जात आणू नये. त्याने मागणी मागे पडते आणि उत्तर आरोपांचेच येते.

तपासा : दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक, शिक्का आणि सही असलेली पोच घेतली का? पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजा. पोच मिळत नसेल तर अर्ज टपालाने पोच घेऊन पाठवावा.

टप्पा ६ : सभेच्या आधीची तयारी

कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील महिला मतदारांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. या महिला सभेकडे उपचार म्हणून पाहिले जाते, ही मोठी चूक आहे. पाणी, गटार, शौचालय, दिवे, अंगणवाडी यांविषयीची मागणी तिथे आधी नोंदवली गेली तर दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ती एका गल्लीची तक्रार उरत नाही. ज्या गल्लीत काम आहे तिथल्या स्त्रियांनी महिला सभेला जाऊन विषय स्वतः मांडावा आणि तिथल्या इतिवृत्तात तो आला का ते पाहावे.

दुसरी तयारी गणपूर्तीची. ग्रामसभेला गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तितके मतदार हजर असावे लागतात. ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे हवीत. १,००० मतदारांच्या गावात १०० पुरेत. अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा (आदिवासी क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) खालच्या गावांचे नियम वेगळे आहेत. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यात नवीन विषय घेता येत नाही. विषयपत्रिकेवर आलेलेच विषय चालतात. आपला विषय आधी विषयपत्रिकेवर आणण्याचा आग्रह यासाठीच आहे.

इशारा : ग्रामपंचायतीची मासिक सभा आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या सभा आहेत. मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची असते. 'सभेत ठराव झाला आहे' असे कोणी सांगितले तर कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला, ठराव क्रमांक किती, हे तिन्ही विचारावे.

टप्पा ७ : सभेत ठराव करून घ्या

सभा सुरू झाल्यावर प्रथम मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. या वेळी बहुतेक जण बाहेर चहाला उभे असतात. तिथे हजर राहावे, कारण मागच्या वेळी बोलले गेलेले नोंदवले गेले की नाही, हे कळण्याची आणि चूक असल्यास ती दुरुस्त करून घेण्याची तीच जागा आहे.

आपला विषय आला की एकानेच, आधी ठरवलेल्या व्यक्तीने, तीन-चार मिनिटांत तो मांडावा. जागा, लांबी, घरांची संख्या, पाण्याची वाट आणि सुचवलेले निधीशीर्ष एवढेच सांगावे. हातनकाशा टेबलावर ठेवावा. सूचक व अनुमोदक कोण असतील हे आधी ठरवून ठेवावे, आणि अनुमोदक शक्यतो दुसऱ्या गल्लीचा असावा.

ठरावाचे शब्द सभेतच वाचून दाखवण्याची विनंती करावी. 'प्रभाग क्र. २ मधील गटाराच्या प्रश्नावर चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.' असा ठराव गावोगावच्या प्रोसिडिंग बुकात सर्रास सापडतो, आणि त्यातून काहीही घडत नाही, कारण कोणी काय करायचे हे त्यात कुठेच नाही. ठराव असा हवा :

'प्रभाग क्र. २ मध्ये अंगणवाडीच्या दक्षिण भिंतीपासून हातपंपापर्यंत अंदाजे ८५ मीटर लांबीचे बंदिस्त गटार व त्याचे पाणी हातपंपापासून दूर नेऊन सोडण्यासाठी गावाच्या ओढ्यालगत शोषखड्डा बांधण्याचे काम सन … च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात स्वच्छतेच्या बंधित निधीतून समाविष्ट करण्यास ही ग्रामसभा मान्यता देत आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पंचायत समितीच्या अभियंत्यांकडून जागेची पाहणी व अंदाजपत्रक करून घ्यावे आणि झालेली कार्यवाही पुढील ग्रामसभेत सादर करावी. सूचक : … अनुमोदक : … ठराव सर्वानुमते मंजूर.'

शेवटचे वाक्य विसरू नये. 'पुढील ग्रामसभेत सादर करावी' असे लिहिल्यामुळे विषय आपोआप पुढच्या विषयपत्रिकेवर येतो आणि कोणाला पुन्हा आवाज चढवावा लागत नाही.

इशारा : विषय शेवटच्या 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली ढकलला जात असेल तर नम्रपणे पण ठामपणे हरकत घ्यावी व अर्जाची पोच दाखवावी. तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. तसेच उपस्थितीच्या नोंदवहीवर सही सभेच्या ठिकाणीच करावी. घरी आणलेल्या वहीवर किंवा कोऱ्या पानावर कधीही नको. त्या सहीच्या वर पुढे काय लिहिले जाईल, हे तुमच्या हातात राहत नाही.

टप्पा ८ : ठरावाची नक्कल घ्या

सभेनंतर आठवड्याभरात ठरावाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. प्रत हाती आल्यावर लांबी, जागा, आर्थिक वर्ष आणि निधीशीर्ष हे चारही तपशील जुळवून पाहावेत. चूक असेल तर ती तेव्हाच लेखी कळवावी.

टप्पा ९ : ठरावानंतरचे कागद मागे पडू देऊ नका

ठराव झाला म्हणजे काम मंजूर झाले, हा गैरसमज सर्वत्र आहे. ठरावानंतर काम आराखड्यात यावे लागते, पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातील अभियंत्याने जागा पाहून दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करावे लागते, त्याला तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रक बरोबर असल्याची) व प्रशासकीय मान्यता (खर्चाला संमती) मिळावी लागते, मग रकमेनुसार निविदेची प्रक्रिया होते आणि शेवटी कार्यारंभ आदेश निघतो. यांपैकी प्रत्येक कागदाला क्रमांक आणि तारीख असते. एका वहीत हे सहा रकाने आखून ठेवावेत आणि कोणता रकाना रिकामा आहे, एवढेच महिन्यातून एकदा कार्यालयात जाऊन विचारावे. 'कामाचे काय झाले?' या प्रश्नाला 'चालू आहे' असे उत्तर मिळते. 'तांत्रिक मान्यतेचा क्रमांक काय?' या प्रश्नाला क्रमांक द्यावा लागतो किंवा ती झालेली नाही हे सांगावे लागते.

आराखडा भरला गेला की ई-ग्रामस्वराजवर किंवा 'मेरी पंचायत' या ॲपवर आपली ग्रामपंचायत व वर्ष निवडून कामांची यादी पाहावी. तिथे कामाचे नाव इतके त्रोटक असते की दोन गटारांत फरक कळत नाही. म्हणून कामाचा कोड, रक्कम आणि निधीचे नाव वहीत उतरवून घ्यावे.

अभियंता जागा पाहायला येणार असेल त्या दिवशी हातनकाशा घेऊन कोणीतरी तिथे थांबावे. या अर्ध्या तासात पाण्याचा उतार दाखवला तर पुढची मोठी चूक टळते, कारण एकदा अंदाजपत्रकात गटाराची दिशा उलटी लिहिली गेली की ठेकेदार तशीच बांधतो.

टप्पा १० : काम चालू असताना आणि बिल निघण्याआधी

कार्यारंभ आदेशाची व अंदाजपत्रकाची प्रत आधी मागून घ्यावी. तिच्याशिवाय केलेली देखरेख निव्वळ वादावादी ठरते. गटाराच्या बाबतीत पाहण्याजोग्या जागा थोड्या आहेत. खोदाईनंतर तळाशी काँक्रीटचा थर पडण्याआधी उतार तपासावा : वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतावे आणि ते मध्ये कुठे थांबते का ते पाहावे. काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारले जाते का, झाकणे उचलून साफसफाई करता येतील अशी आहेत का, आणि प्रत्येक घराची मोरी गटाराला जोडली का, हेही पाहावे. कामगारांशी किंवा ठेकेदाराशी हुज्जत घालू नये. त्रुटी दिसली तर फोटोसह ग्रामपंचायतीला व अभियंत्याला त्याच दिवशी लेखी कळवावी.

तपासा : मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत) नोंदवलेली लांबी जागेवरच्या लांबीशी जुळते का? बिल निघण्याआधी केलेली तक्रार काम सुधारते. बिल निघाल्यानंतरची तक्रार चौकशीत जाते, आणि तोवर पुढचा पावसाळा येतो.

टप्पा ११ : मध्येच अडल्यास

पहिली पायरी म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी स्मरणपत्र द्यावे. उत्तर नाही आले तर तालुक्याच्या गट विकास अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावे. प्रत्येक पत्राला आधीच्या पत्राची पोच आणि ठरावाची प्रत जोडावी. पहिल्याच दिवशी थेट जिल्ह्याला तक्रार केली तर ती बहुधा खाली त्याच टेबलावर अहवालासाठी परत येते आणि गावातले संबंध मात्र बिघडतात.

कागदच मिळत नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते माफ असते, आणि माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. ती न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास ३० दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. त्यामुळे 'गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती' असे मागू नये. 'ग्रामसभा दिनांक …, ठराव क्रमांक … मधील कामाच्या अंदाजपत्रकाची, तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेची आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांची साक्षांकित प्रत द्यावी', इतके पुरेसे आहे. 'काम का केले नाही?' हा प्रश्न या अर्जात बसत नाही. तिथे कागद मागायचे असतात, खुलासे नाहीत.

आर्थिक वर्ष संपत आले आणि काम सुरूच झाले नाही, तर मार्चअखेरची वाट न पाहता जानेवारीच्या ग्रामसभेत ते काम पुढील वर्षाच्या आराखड्यात अपूर्ण काम म्हणून पहिल्या क्रमांकावर घेण्याचा स्वतंत्र ठराव करून घ्यावा. त्यात जुना ठराव क्रमांक, कामाचा कोड आणि आतापर्यंत मिळालेल्या मान्यतांचे क्रमांक लिहावेत, म्हणजे झालेली पाहणी व अंदाजपत्रक वाया न जाता पुढील वर्षी काम तिथूनच उचलता येते.